लोकरीचे रंग, सुताची पाठ

अंजिरी लोकरीचा एक मोठा चौकोन आपल्या एका कोपऱ्यावर तोल सावरून उभा आहे. त्याच्या चारही अंगांना डाळिंबी पट्टी आणि पट्टीच्या टोकांना चार लहान चौकोन. या तिरक्या आकृतीला पुन्हा सरळ करण्यासाठी चार कोपऱ्यांत चार शेवाळी त्रिकोण, त्यांच्या भोवती एक अरुंद चौकट, तिच्याही टोकांना चार चौकोन, आणि अखेरीस या सगळ्या परिवाराला कवेत घेणारी रुंद, ऐसपैस किनार, तीही आपल्या चार कोपऱ्यांसकट. मोजले तर सारे मिळून २९ तुकडे भरतात. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर परगण्यात आमिश या ख्रिस्ती पंथातील स्त्रियांनी साधारण १८८० ते १९४० या काळात ज्या गोधड्या शिवल्या, त्यांतील सर्वांत नावाजलेल्या नमुन्याचे हे सविस्तर रूप: चौकटीत बसवलेला एक शंकरपाळा. शेजारपाजारच्या इतर अमेरिकन घरांत इवल्या इवल्या शेकडो तुकड्यांची नक्षी जुळवली जात असताना या बायकांनी सुमारे साडेसहा फूट लांबी-रुंदीचे क्षेत्र अवघ्या एवढ्या तुकड्यांवर सोपवले. मग प्रत्येक तुकड्यावर किती भिस्त ठेवावी लागली असेल, हे आपण गोधडीच्या जवळ जाऊ तसतसे उमगत जाते.

जवळ गेलो की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की दर्शनी बाजूचे हे सगळे कापड लोकरीचे आहे. घोंगडीची किंवा शालीची लोकर नव्हे. लांब तंतू विंचरून, घट्ट पीळ देऊन विणलेली, पोशाखासाठी वापरली जाणारी तलम वरस्टेड लोकर. पाठ मात्र सुती. दोन्हींच्या मध्ये एक पातळ थर, बहुधा कापसाचाच, आणि तिघांना आरपार बांधणारा दोराही सुताचा. मेंढीच्या अंगावर वाढलेला तंतू आणि बोंडातून फुटलेला तंतू अशा दोन भिन्न कुळांचा हा संसार आहे. त्यांत कोणी कोणाचे सोंग घेत नाही. लोकर लोकरीसारखी वागते, सूत सुतासारखे. या गोधडीचा सारा रस मला या कामवाटपात दिसतो.

आधी रंगच घेऊ. हा अंजिरी रंग कापडावर बसवल्यासारखा दिसत नाही, कापडाच्या पोटातून वर आल्यासारखा दिसतो. त्याचे कारण तंतूच्या घडणीत आहे. लोकर हे प्रथिन. रंगद्रव्य ते स्वतःहून ओढून घेते आणि गाभ्यापर्यंत मुरवते. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये लंडनमध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला, त्या रंगाने रेशीम आणि लोकर सहज रंगली. सुताला मात्र तो धरून ठेवायला आधी टॅनिनसारख्या रंगबंधकाची मनधरणी करावी लागली. पुढच्या काही दशकांत गुलबक्षी, मोरपंखी, निळे, हिरवे असे रासायनिक रंग बाजारात आले आणि गिरणीत विणलेल्या तलम लोकरीवर ते अशा तेजाने उतरले, की लँकेस्टरच्या शेतकरी कुटुंबातील स्त्रीला दुकानाच्या फळीवर एक नवीच रंगपेटी सापडली.

आणि ही रंगपेटी तिला चालतही होती. आमिश समाजाचा कटाक्ष साधेपणावर. कपड्यांवर फुले नकोत, छाप नकोत, चौकड्या नकोत; एकरंगी कापड हवे. परंतु एकरंगी म्हणजे फिके असे थोडेच आहे? जांभळा, निळा, हिरवा, डाळिंबी हे रंग त्या स्त्रियांच्या झग्यांत रोजचेच होते. गोधडीच्या दर्शनी बाजूलाही हाच नेम लागू झाला. नक्षी वर्ज्य ठरल्यामुळे सारी आकांक्षा रंगाच्या अंगाने वाढली. जे कापड अंगावर होते तेच अंथरुणावर आले. समाजाने आखलेल्या मर्यादेच्या आत राहून त्या बायकांनी केवढी मुभा मिळवली, हे त्या रंगांच्या शेजाराकडे पाहिले की कळते.

हा शेजार क्षणभर न्याहाळण्यासारखा आहे. कुठे अंजिरीच्या कडेला निळा ठेवलेला असतो, आणि दोघांचा गडदपणा जवळजवळ सारखा. त्यामुळे त्यांच्या सीमेवर डोळा स्थिर राहत नाही, ती रेषा किंचित थरथरते. गुलबक्षीशेजारी हिरवा आला की दोघेही एकमेकांना चिथावून अधिक उजळतात. पांढरा रंग दर्शनी बाजूला जवळपास नाहीच, आणि याच अभावामुळे गडद रंग अंधारात न बुडता आतून धुमसत राहतात, कारण त्यांना फिके पाडणारा कोणी उजळ साक्षीदार जवळ नसतो. एखाद्या गोधडीत कोपऱ्यातला एखादा चौकोन इतर तिघांहून निराळ्या छटेचा निघतो. परिपूर्णता फक्त देवाची, म्हणून ही चूक मुद्दाम केलेली, अशी एक गोष्ट सांगितली जाते. गोड आहे, पण तिला आधार नाही. आपण रसिकांनी तिच्याऐवजी त्या चौकोनाचे काम पाहावे. तीन कोपरे एकसारखे पाहून निश्चिंत झालेली नजर चौथ्यावर अडखळते आणि त्या अडखळण्यामुळे सबंध गोधडीवरून पुन्हा एक फेरी मारून येते.

आता त्याहून सूक्ष्म गंमत. मधला शंकरपाळा आणि बाहेरची रुंद किनार कधी कधी एकाच ताग्यातल्या कापडाची असतात, तरी दोन्हींचा रंग हुबेहूब सारखा भासत नाही. कारण किनारीचा उभा-आडवा धागा गोधडीच्या कडांना समांतर धावतो, आणि मधल्या चौकोनाचा धागा चौकोनासोबत तिरका वळलेला असतो. पिळदार लोकरीला जी मंद झळाळी असते, ती धाग्याच्या दिशेप्रमाणे कमीजास्त होते. उजेड एका बाजूने आला की मधला भाग किंचित सावळा, किनार किंचित उजळ. आपण दोन पावले सरकलो की उलट. एक रंग विकत घेऊन दोन छटा मिळवण्याची ही युक्ती शिवणारीला शिकवावी लागली नसेल, पण जिने एकदा कापड फिरवून पाहिले तिच्या ती लक्षात आल्याशिवायही राहिली नसेल.

धाग्याच्या दिशेचा आणखी एक खेळ शिवणीत दडलेला आहे. चार त्रिकोणांच्या आखूड बाजू सरळ धाग्यावर येतात, तर शंकरपाळ्याला भिडणारी लांब बाजू उरेब होते. उरेब कापडाचा स्वभाव आपल्याला परकराच्या किंवा झबल्याच्या शिवणकामातून ठाऊक आहे: ओढले की वाढते, सोडले की लाटा घालते. सुती कापडात अशी लांब उरेब बाजू शिवताना जीव मुठीत धरावा लागतो. लोकर इथे उदार होते. तिच्या तंतूला उपजत कुरळेपणा आहे. ओल्या फडक्याची वाफ दिली की वाढलेली बाजू पुष्कळशी मिटून येते आणि इस्त्रीखाली मुकाट बसते. मोठे तुकडे जोडणाऱ्या लांबच लांब शिवणी बहुधा पायमशीनवर मारलेल्या असतात, आणि त्यात त्या स्त्रियांना काही कमीपणा वाटला नाही. हाताचे काम त्यांनी पुढच्या पायरीसाठी राखून ठेवले.

ती पायरी म्हणजे धावदोरा. इथे आपण गोधडीच्या अगदी कडेला बसून, उजेड तिरका पडेल अशी नजर लावावी. लांबून जिथे केवळ एक अंजिरी चौकोन दिसत होता, तिथे आता मधोमध आठ पाकळ्यांची चांदणी उमटते. तिच्या भोवती पिसांची गोल माळ. पट्टीत द्राक्षांचे घोस. अरुंद चौकटीत एकमेकांना छेदणाऱ्या कमानींतून जुळलेली चार पाकळ्यांची फुले, जी पाहून आपल्याला अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण व्हावी. आणि बाहेरच्या रुंद किनारीत वळणे घेत धावणारे पिसांचे वेल. हे सगळे गडद दोऱ्याने, गडद लोकरीवर. उत्तम हाताचे काम असेल तर इंचाला आठ-दहा टाके. नक्षीला बंदी असलेल्या समाजातली ही नक्षी रंगाने बोलतच नाही. ती सावलीने बोलते. टाका जिथे रुततो तिथे एक बारीक दरी, दोन टाक्यांच्या ओळींमध्ये एक फुगीर टेकडी, आणि उजेड त्या चढउतारांवरून जाताना जे काही मागे ठेवतो तीच ही फुले, तीच ही द्राक्षे.

या सावलीसाठी लोकरच हवी होती. लोकरीचा तंतू दाबला तरी पुन्हा उसळी घेतो. म्हणून दोन ओळींमधली टेकडी वर्षानुवर्षे वापरूनही पुरती सपाट होत नाही. शिवाय लोकर रेशमासारखी चकाकत नाही, सगळा उजेड परतवून लावत नाही, त्यामुळे सावलीच्या कडा मऊ राहतात. हीच फुले रेशमावर काढली असती तर झगमगाटात हरवली असती. कडक सुती कापडावर रेखीव उमटली असती, पण थोडी कोरडी. लांबून सरळ रेषांची, काटकोनांची, गणिती शिस्तीची वाटणारी गोधडी जवळून वळणांनी, वेलींनी आणि फळांनी भरलेली निघते. भूमितीच्या पोटात एक बाग, आणि दोघींचा एकमेकींना अजिबात उपद्रव नाही. मोठमोठे, साधे तुकडे का निवडले, याचेही उत्तर इथेच मिळते: वेलाला पसरायला अखंड जमीन लागते, शिवणींच्या गाठींनी भरलेल्या चिंध्याचिंध्यांच्या भूमीवर इतके दीर्घ वळण घेता आले नसते.

आता गोधडी उलटून पाहू. रसिकांनी हे अवश्य करावे, कारण अर्धी गोधडी पाठीकडे आहे. इथे लोकरीचा मागमूस नाही. स्वच्छ, गुळगुळीत सुती कापड. त्यावर चांदणी, माळ, द्राक्षे, वेल पुन्हा एकदा उमटलेले, पण या वेळी रंगांच्या तुकड्यांशिवाय, निव्वळ रेषेत. दर्शनी बाजूला जी रचना रंग आणि टाका यांची जुगलबंदी होती, ती पाठीवर एकट्या टाक्याचे गायन होते. शिवणारीच्या हाताची खरी परीक्षा इथे: वरून सुई घालताना टाका डोळ्यांसमोर असतो, पण खालून तो तितकाच लहान, तितकाच सरळ निघाला का, हे खालच्या हाताच्या बोटाला नुसत्या स्पर्शाने ओळखावे लागते. आणि काही गोधड्यांच्या पाठीला चक्क बारीक छापाचे कापड असते. दर्शनी बाजूला जे चालले नसते ते अंगाशी येणाऱ्या बाजूला, घडीच्या आत, खुशाल फुललेले. नियम मोडलेला नाही आणि हौसही मारलेली नाही.

सुताची पाठ केवळ हौसेची नव्हे, शहाणपणाचीही. सुई तीन थरांतून जाताना दोन थर लवचीक असले तर सगळे सरकते. एक थर ठाम असावा लागतो. सूत ताणले तरी फारसे वाढत नाही, म्हणून ते लोकरीच्या लडिवाळपणाला लगाम घालते. ते त्वचेला टोचत नाही, घाम टिपते, आणि ओले झाले की कमकुवत होण्याऐवजी उलट अधिक बळकट होते. लोकरीचे गुण निराळे: ती आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश इतकी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि कुरळ्या तंतूंमध्ये हवा कोंडून ऊब राखते. वरची ऊब आणि खालचा स्पर्श यांची अशी वाटणी झाली की पांघरणाऱ्याला दोन्हींतले उत्तम तेवढे मिळते.

दोन स्वभाव एकत्र आणायचे तर थोडी पूर्वतयारी लागतेच, आणि ही तयारीसुद्धा रसाचाच भाग मानावी. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घासणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड, नमद्यासारखे होते. सूतही पहिल्या धुण्यात आटते, पण आपल्या वेगळ्या हिशेबाने. दोन्ही तशीच कोरी जोडली तर एक दिवस एक आखडते, दुसरे मोकळे राहते आणि गोधडीला सुरकुत्या धरतात. म्हणून जाणती शिवणारी सुती पाठ आधी धुऊन, वाळवून, कडक इस्त्रीने सरळ करते. लोकरीला ओल्या फडक्यातून वाफ देऊन तिचे जे काही आटायचे ते आधीच आटवून घेते. शिवणीही निराळ्या बसवाव्या लागतात: सुती शिवण एका बाजूला पाडली तरी चालते, लोकरीची मात्र उघडून दोन्हीकडे दाबायची, नाहीतर तिथे उंचवटा होतो आणि धावदोऱ्याची सुई अडते. तयार झालेल्या गोधडीला उठसूट धुवायचे नाही. सावलीत वारा द्यायचा, झटकायची, आणि कसर लागू नये म्हणून मधून मधून घडी बदलायची.

हे वाचताना मराठी माणसाच्या मनात आपली गोधडी आणि आपली घोंगडी डोकावल्याशिवाय राहणार नाहीत. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची घोंगडी आणि जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी किंवा वाकळ या दोघी आपल्याकडे एकाच वळकटीत नांदल्या, परंतु एका दोऱ्याने क्वचितच जोडल्या गेल्या. आपल्या गोधडीचे मार्दव वापरून वापरून विरलेल्या सुतातून येते. लँकेस्टरच्या गोधडीतली लोकर बहुधा चांगली, न विरलेली. आपला धावदोरा थर एकजीव करता करता नक्षी होतो. तिथला धावदोरा आधी खडूने आखलेल्या नक्षीवरून चालतो. पण सुई एका हाताने वरून ढकलायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने खालून तिची वाट पाहायची, ही मुद्रा दोन्हीकडे एकच आहे, आणि म्हणून गोधडीच्या घरात वाढलेल्या डोळ्याला त्या दूरच्या कामाची पारख करायला कोणी मध्यस्थ लागत नाही.

१९७१ मध्ये जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकन गोधड्यांचे प्रदर्शन भरवले. अंथरुणावरच्या गोधड्या कलादालनाच्या पांढऱ्या भिंतीवर चढल्या आणि पाहणाऱ्यांना एकदम आधुनिक अमूर्त चित्रांची आठवण झाली. जोसेफ आल्बर्स यांनी चौकोनात चौकोन बसवणारी आपली विख्यात चित्रमालिका १९५० मध्ये सुरू केली. लँकेस्टरच्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून चौकोनांना बोलते करत होत्या. भिंतीने या गोधड्यांना मान दिला, यात शंका नाही. पण भिंतीवर त्यांचा एक अर्थ हरवतो. पलंगावर पसरली की शंकरपाळा गादीच्या सपाटीवर निजतो आणि रुंद किनार कडेवरून खाली ओघळते. पिसांचे वेल मग आडवे न राहता उतरत्या बाजूंवर उभ्या उजेडात येतात. किनार एवढी ऐसपैस का, याचा उलगडा पलंग करतो.

आणि पलंगाइतकाच सुरेख उलगडा मांडी करते. हाच नमुना आज कोणी मांडीवर घेण्याजोग्या लहान गोधडीत उतरवू पाहील, तर त्याला सगळी मापे सारख्या प्रमाणात घटवून चालणार नाही, कारण लोकरीची जाडी घटत नाही आणि टाक्याची लांबीही नाही. अरुंद पट्ट्या आणखी अरुंद केल्या तर शिवणींच्या दाबानेच त्यांचे पोट भरून जाईल. तेव्हा काही गाळावे लागते. शंकरपाळ्याभोवतीची पट्टी आणि आतली चौकट सोडून द्यावी; उरतो एक चौकोन, चार त्रिकोण, चार रुंद पट्ट्या आणि चार कोपरे, म्हणजे अवघे १३ तुकडे. मधला चौकोन तयार मापाने २० इंचांचा धरला तर त्याचा कर्ण २८ इंचांहून थोडासा अधिक भरतो. त्याच्या चारही बाजूंना ९ इंचांची किनार दिली की गोधडी सुमारे ४६ इंचांची होते. खुर्चीत बसून पांघरायला नेमकी. किनार इथेही रुंदच ठेवावी, कारण चांदणी आणि पिसांची माळ मांडीवर येते आणि किनार गुडघ्यांवरून पोटऱ्यांकडे ओघळते. छोट्या पटावरही तोच उतार साधतो. कडेला सुती गोट लावावा, आणि तो चांगला बोटभर रुंद. लँकेस्टरच्या शिवणारींनीही गोट लपवला नाही, त्यालाही एक रंग देऊन चौकटीत बसवले.

राहता राहिला रंग. नमुना पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांचा, मापे आजीकडून नातीकडे आलेली, टाक्यांचे साचे शेजारणीकडून उसने आणलेले; तरी दोन गोधड्या सारख्या निघत नाहीत, कारण अंजिरीशेजारी डाळिंबी ठेवायचा की निळा, हा निर्णय दर वेळी एका बाईला स्वतःच्या डोळ्याने करावा लागतो. तिथे ना नियम तिला उत्तर देतो, ना परंपरा. लहान गोधडी शिवणाऱ्यानेही घाई करू नये: तीन लोकरी निवडाव्यात, त्या सकाळच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्याखाली शेजारी शेजारी मांडाव्यात, एखादी वळवून तिचा धागा तिरका करून पाहावी, आणि दोन रंगांच्या सीमेवर डोळा थरथरू लागला की कात्री उचलावी. पाठीसाठी मात्र आपल्याला आवडेल तो छाप घ्यावा, फुलांचा, बुट्ट्यांचा, हवा तितका रंगीबेरंगी. तिथे कोणाला काही विचारायचे नाही.